पप्पांना माहीत नसलेला सण

मोऱ्याच्या जेट्टीजवळ एवढा गाळ साचतो की ओहोटीला लाँच लागायची मारामार. वेळ चुकली की भरतीची वाट बघत बसायचं. पप्पांचं आणि माझं सगळ्यात मोठं भांडण असंच वाट बघताना झालं, आणि तेही इ.स.पू. १६४ या सालावरून.

सुरुवात पप्पांनी केली. आमच्या चर्चची मंडळी नुकतीच अलिबागजवळच्या नवगावला जाऊन आली होती. तिथे बेने इस्रायल लोकांची जुनी दफनभूमी आहे. परंपरा सांगते की तिथल्या किनाऱ्याजवळ त्यांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणायचे.

पप्पांना आवडला तो तारखेचा युक्तिवाद. या लोकांना शब्बाथ माहीत होता, सुंता होती, शेमा ही प्रार्थना पाठ होती. पण हनुक्का हा सण माहीत नव्हता. अँटिओकस चौथा या राजाने यरुशलेमचं मंदिर विटाळलं, मक्काबींनी ते परत मिळवून इ.स.पू. १६४ मध्ये शुद्ध केलं, त्याची आठवण म्हणजे हनुक्का. सण माहीत नाही, अर्थात हे लोक त्याआधीच निघाले असणार. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला (छापून यायला १९३७ उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये). त्यांनी आगमन इ.स.पू. १७५ च्या सुमाराचं धरलंय.

"तुमच्या कॉम्प्युटरसारखं पक्कं लॉजिक आहे," पप्पा म्हणाले.

मी म्हटलं, मग हेच लॉजिक दानीएलाच्या पुस्तकाला लावा.

दानीएल बाबेलात, इ.स.पू. सहाव्या शतकात बोलतोय असं पुस्तक सांगतं. पण अकराव्या अध्यायात ग्रीक राजांच्या लढाया, लग्नं, दगाफटके इतके बारकाईने येतात की इतिहासाशी ओळीने ताळा जुळतो. तो जुळतो अँटिओकसपर्यंत. मग एकदम बिनसतं. राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये मरेल असं लिहिलंय, आणि अँटिओकस मेला इराणकडे, इ.स.पू. १६४ मध्ये. म्हणून बहुतेक अभ्यासक पुस्तकाचं हे रूप त्याच्या थोडं आधीचं मानतात. एखाद्या फाइलवर २०१५ ची तारीख आहे आणि आत २०१९ मध्ये आलेल्या लायब्ररीचं फंक्शन वापरलंय, तर आपण तारखेवर विश्वास ठेवू का? आणि हे आजकालच्या प्रोफेसरांचं खूळ नाही. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने हेच म्हटलं होतं. त्याचं पुस्तक जाळलं गेलं. मुद्दा आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः संत जेरोमने त्याला दिलेल्या उत्तरामुळे.

पप्पा बराच वेळ घारापुरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मत्तयात येशू स्वतः दानीएलाला संदेष्टा म्हणतो. मग तो चुकला का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. "त्या काळच्या लोकांच्या भाषेत बोलला" वगैरे वाचलेलं तोंडावर आलं होतं, पण समोरचा माणूस रोज पहाटे पाचला उठून गुडघ्यांवर बसतो हे आठवलं आणि गप्प बसलो. लाँच आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

नंतर काही आठवडे मी बेने इस्रायलांबद्दल वाचत राहिलो, खरं तर जिंकायला. त्यांच्या सणांची मराठी नावंच भारी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. पण शेजारीच 'नव्याचा रोजा' आहे. रोजा हा फारसी शब्द, म्हणजे निदान ते नाव तरी खूप नंतर चढलेलं. एकाच पंचांगात दोन थर. २०१६ चा एक जनुकीय अभ्यास सांगतो की त्यांच्यात यहुदी आणि भारतीय वंशांचं मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं आहे. त्यावरून गलबत कधी फुटलं ते कळत नाही, पण इ.स.पू. १७५ ला आधारही मिळत नाही.

आणि मग लक्षात आलं की हनुक्काचा पुरावाच कच्चा आहे. सण विसरूही शकतात. शिवाय, त्या सहलीआधी पप्पांनाही हनुक्का माहीत नव्हता. आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं नाहीत. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो सण एका वचनात येऊन जातो. पप्पांनी ते वचन निदान पन्नास वेळा वाचलं असेल. म्हणून काय पप्पा इ.स.पू. १६४ च्या आधी निघालेले? दानीएलाची गोष्ट वेगळी आहे. तिथे नुसतं मौन नाही, ठाम विधान आहे आणि ते हुकलंय. पण नवगावच्या बाबतीत मी धक्क्यावर मान डोलावली होती, ती मला सोयीची होती म्हणून.

रविवारी जेवताना हे मी पप्पांना सांगितलं. तुमचा युक्तिवाद कच्चा होता आणि मी तो हत्यार म्हणून वापरला. मम्मी म्हणाली, आधी बोंबील खा, गार होतायत.

पप्पांनी हात धुतले, बायबल आणलं, योहान उघडून ते वचन काढलं. "इथे हिवाळा होता असंही लिहिलंय," ते म्हणाले. "आपण नुसते पुढे जातो." मग मागे पानं उलटत दानीएलावर आले.

"कुठून चुकतं म्हणालास?"

"अकरावा अध्याय. चाळिसाव्या वचनापासून."

"माझा चष्मा दे."