गाणं तेच, ध्वनिमुद्रण कोणतं?

गाणी विकत घेण्यात मी आयुष्यभर पैसे घातले आणि त्यातले बरेचसे चुकीच्या जागी घातले. आपल्या शहरात चांगली दुकानंच नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत होते. ते खरं नव्हतं. दुकानदाराला जो प्रश्न विचारायला हवा, तो मीच विचारत नव्हते.

नव्वदच्या दशकात औरंगाबादच्या शहागंजातून सराफ्याकडे चालत गेलं की कॅसेटी विकणारे भेटतच. कुणाचं छोटं दुकान, कुणाची नुसती हातगाडी. ऋतू बदलावा तसा माल बदले. रमजानात 'नात'ची स्तुतिगीतं आणि कव्वाली, गणपतीत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, एप्रिल लागला की भीमगीतं. एकाच गाडीवर हे तिन्ही मिळायचं आणि तिन्ही प्रकारचं गिऱ्हाईक तिथे शेजारी शेजारी उभं राहायचं. शहराचं हे रूप मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. गाडीवाले चाचा आपल्या दखनी बोलीत विचारायचे, "कौनसा होना, बेटी?" या 'कौनसा'मध्ये सगळं आलेलं होतं. मी मात्र फक्त सिनेमाचं नाव सांगायची.

आमचे अण्णा रफींचे निस्सीम भक्त. पहिल्या कमाईतून त्यांना द्यायला मी रफींच्या गाण्यांची कॅसेट घेतली. वर रफींचा फोटो, खाली ओळखीच्या गाण्यांची यादी, आणि किंमत एचएमव्हीच्या कॅसेटपेक्षा बरीच कमी. घरी टेपरेकॉर्डरवर लावली. पहिला मुखडा संपायच्या आत अण्णा म्हणाले, "हा रफी नव्हे गं. पोरगा चांगला गातोय, पण रफी नव्हे." मी आवरण उलटून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गायकाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं.

याला 'व्हर्जन' म्हणत. कायद्याला धरून चालणारा धंदा होता तो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की ठरलेलं मानधन भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेऊन विकता येई. 2012 च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली. आवरणावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र नको आणि हे 'कव्हर व्हर्जन' आहे असं छापलंच पाहिजे, असंही त्यात स्पष्ट आलं. सोनू निगमसारखे गायक अशाच रफींच्या गाण्यांच्या कॅसेटींतून पुढे आले, तेव्हा त्या प्रकाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण मला रफी हवे होते आणि मी फोटो पाहून, स्वस्त पाहून कॅसेट उचलली.

गीतरामायणाच्या बाबतीत झालेली चूक जास्त खोल होती, कारण ती मला फार उशिरा कळली. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर चाललं. माडगूळकरांची छप्पन गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. आई ते लहानपणी रेडिओवर ऐकल्याचं सांगायची, आणि त्यातली सीता कशी गायची याची आठवण काढायची. मी हौसेने कॅसेटींचा संच आणला. आईने ऐकला, आनंदाने ऐकला, पण तिची सीता त्यात नव्हती. रेडिओवर पात्रागणिक वेगळे गायक होते: रामाची गाणी स्वतः फडके म्हणत, सीतेला माणिक वर्मा, शिवाय वसंतराव देशपांडे, ललिता फडके आणि इतर कितीतरी. बाजारात जो संच घरोघर गेला, त्यातली गाणी एकट्या फडक्यांच्या आवाजातली. दोन्ही अस्सल आहेत. पण ती दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत, आणि हे मला आई गेल्यानंतर एका जाणकाराकडून कळलं. तिला मी चार वेळा म्हणाले असेन की तुझी आठवण चुकते आहे. ते मला आजही बोचतं.

कॅसेटींच्या त्या काळात मला 'भरून घेण्याची' सवय लागली होती. कोरी कॅसेट द्यायची, गाण्यांची चिठ्ठी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. सी-नव्वदमध्ये गाणी जास्त बसतात म्हणून मी तीच घ्यायची. तिची फीत सी-साठपेक्षा पातळ असते आणि ती लवकर अडकते, हे मला ठाऊक नव्हतं. पण फितीचं सोडा. चिठ्ठीवर मी फक्त मुखडे लिहायची. गायक नाही, गीतकार नाही, वर्ष नाही. त्या कॅसेटींतली काही गाणी कुणी गायली आहेत हे मला आजतागायत सांगता येत नाही. आणि माझ्या पैशातला एक पैसाही त्या गाणाऱ्यांकडे गेला नाही.

ही गोष्ट सिनेसंगीताच्या बाबतीत एक वेळ दूरची वाटते. जवळची बाजू सांगते. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठ गेटवर माणसांचा समुद्र लोटतो. पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. तिथे मी एका गायकाला स्वतः मांडीशी खोकं घेऊन आपल्या कॅसेटी विकताना पाहिलं. गाणी मला फार आवडली. घेतली मात्र माझ्या मैत्रिणीने, आणि मी तिच्याकडून भरून घेतली. तो माणूस समोर बसलेला होता, किंमत परवडणारी होती, आणि तरी मी फुकटचा रस्ता धरला. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने गावोगाव फिरून ज्या गाण्यांची परंपरा उभी केली, ती पुढे नेणाऱ्याचा हक्काचा पैसा मी बुडवला. माझ्या सगळ्या चुकांत मला हीच सर्वांत मोठी वाटते.

चांगल्या जागा तेव्हाही होत्या. पुण्याला अलूरकर म्युझिक हाऊस होतं, शास्त्रीय संगीतासाठी लोक मुद्दाम तिथे जात. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं, तिथे ऐकून मग घ्यायची सोय होती. 2016 च्या फेब्रुवारीत ते बंद झालं. शहागंजातले चाचाही त्याच जातीचे, हे मला नंतर उमगलं. एकदा मी खुलताबादच्या उरुसातली कव्वाली मागितली तर त्यांनी तीन वेगवेगळ्या पार्ट्यांच्या कॅसेटी काढून तिघांच्या गाण्यातला फरक सांगितला. जो विकणारा हे सांगू शकतो, त्याचं दुकान चांगलं. मग ते काचेचं असो की चार चाकांचं.

इंटरनेट आलं तेव्हा वाटलं, आता चुकायचं कारणच उरलं नाही. फ्लिपकार्टने 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. सुटं गाणं विकत मिळे, उतरवून घेता येई, कुठल्याही यंत्रावर वाजे. मी हौसेने घेत गेले. जून 2013 मध्ये ते बंद झालं. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला ग्राहकांना पुढे दोन महिने दिले होते. ती मुदत मी आळसात घालवली. तेव्हापासून विकत घेतलेली फाइल मी त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवते. महिन्याचे पैसे भरून ॲपवर ऐकणं सोयीचं आहे, मीही ऐकते. पण तिथे आपण ऐकण्याचे पैसे देतो. कंपन्यांचा करार संपला की गाणं यादीतून जातं. ज्या गायकाला थेट पैसे पोचावेत असं वाटतं, त्याचं संगीत बँडकॅम्पवर असलं तर मी तिथून घेते. तिथे रकमेतला बहुतेक वाटा कलाकाराकडे जातो आणि फाइल आपली राहते.

सगळं फोनवर मिळतंय या भरवशावर मी घरातल्या कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. त्यात कव्वालीच्या त्या तीन होत्या, मराठवाड्यातल्या छोट्या कंपन्यांनी काढलेली भीमगीतं होती, एका भजनी मंडळाची एकमेव कॅसेट होती. एचएमव्हीचं, म्हणजे आताच्या सारेगामाचं, बरंचसं ऑनलाइन आहे. या छोट्या कंपन्यांचं मला शोधूनही सापडलं नाही. काही भीमगीतं सापडली, तर त्यांवर गीतकाराचं नाव नाही. मुंबईत 1990 पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था आहे, 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. जुन्या तबकड्यांची नोंद तिथल्या मंडळींनी वर्षानुवर्षं चिकाटीने केली. आपल्या भागातल्या कॅसेटींचं तसं काम घरोघरच्या माणसांनाच करावं लागेल.

म्हणून मागणं एवढंच. माळ्यावरचं खोकं भंगारात देण्याआधी उघडा. प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि आवरणाचा फोटो काढा, गायक, गीतकार आणि कंपनी वहीत लिहा, टेप चालत असेल तर एकदा फाइल करून ठेवा. आणि येत्या 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर गेलात तर गाण्यांचा पेन ड्राइव्ह घेताना त्यात कुणाचा आवाज आहे, शब्द कुणाचे आहेत हे विचारा. गायक स्वतः बसलेला असेल तर पैसे त्याच्याच हातात द्या.