खडखड कुठून येते?

अब्बांची जुनी फोर-व्हील जीप खडखडायला लागली, तेव्हा घरात एकच निदान होतं: "वय झालं, विकून टाका." पण अम्मीला दर महिन्याला घाटाखालच्या दवाखान्यात तीच नेते.

गॅरेजवाल्या चाचांनी पान्याला हात लावण्याआधी विचारलं, "आवाज कधी येतो?" उभ्या गाडीत रेस दिल्यावर येत असेल, तर सायलेन्सरचा क्लॅम्प बघायचा. फक्त खड्ड्यात येत असेल, तर पाट्यांचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर. गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस.

आमचा वेगाबरोबर वाढत होता. गिअर टाकताना 'ठक्' व्हायचं. चाचांनी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली शिरून शाफ्ट हातानं पिळला. मागचा क्रॉस ढिला होता. ग्रीस संपून आतल्या सुया गंजल्या होत्या. असा क्रॉस उतारावर तुटला तर शाफ्ट लोंबकळतो, आणि मागच्या चाकांना इंजिनाचा आवर राहत नाही.

क्रॉस बदलला, आवाज गेला. "वय झालं" हे निदान नव्हे, गाडीचं नाही आणि माणसाचंही नाही. अम्मीचा गुडघा नेमका कधी दुखतो, हे आता डॉक्टरांसाठी लिहून नेतो.