उलट्या बाजूने पिकासो

छापाचित्र शिकायला येणारी मुले पिकासोचे नाव घेतात ते ‘गेर्निका’साठी. मी त्यांना व्हालोरिसला नेतो, अर्थात पुस्तकांतून. दक्षिण फ्रान्समधले हे कुंभारांचे गाव. 1946 साली पिकासो तिथे सुझान आणि जॉर्ज रामिए यांच्या मादुरा कार्यशाळेत सहज डोकावला, मातीच्या काही वस्तू करून गेला आणि पुढच्या वर्षी परतला तो तिथे रमलाच. वय 65.

चाक चालवायला ज्यूल आगार हा मुरलेला कारागीर होता. त्याने काढलेली सुरई ओली असतानाच पिकासो ती दाबून, वाकवून तिची बाई करायचा, नाहीतर कबुतर. खरी परीक्षा ताटे रंगवताना होती. कॅनव्हासवर निळा लावला की निळाच दिसतो. कोबाल्ट ऑक्साइड मात्र लावताना काळपट असते, भट्टीतून निळे होऊन येते. तांब्याचे काळे ऑक्साइड हिरवे होते. निव्वळ चित्रकार इथे बिचकतो. पिकासो 1904 पासून धातूच्या प्लेटवर काम करत होता. प्लेटवरचे कागदावर उलटे उमटते आणि शेवटचा निकाल प्रेस देते, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. मातीत प्रेसच्या जागी भट्टी आली, एवढेच.

व्हालोरिसमध्येच इदाल्गो आर्नेरा हा मुद्रक भेटला आणि लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा ब्लॉक कोरून छापणे, सुरू झाले. 1958 मध्ये क्रानाख या जर्मन चित्रकाराच्या चित्रावरून पिकासोने एका तरुणीचे रंगीत लिनोकट केले. प्रत्येक रंगाला निराळा ब्लॉक, आणि सगळे ब्लॉक नेमके एकमेकांवर बसवायचे. हा व्याप नको म्हणून पुढच्या वर्षापासून तो सगळे रंग एकाच ब्लॉकवर घेऊ लागला. आधी फिकट रंग छापायचा, जिथे तो राखायचा तेवढा भाग कोरून टाकायचा, मग त्याच ब्लॉकने त्याच कागदावर गडद रंग. प्रती आधीच ठरवाव्या लागतात, कारण मागे फिरता येत नाही. शेवटी ब्लॉकमध्ये फक्त शेवटचा रंग उरतो. ही युक्ती मुळात कोणाची यावर वाद घालावा, पण तिच्यात एवढा दम आहे हे त्याने दाखवले.

मादुरात तो प्लास्टरचा ठोकळाही असाच कोरायचा आणि त्यावर ओल्या मातीची चकती दाबून घ्यायचा. खोदलेली रेघ मातीवर उठून येते. पेणच्या कारखान्यात साच्यात शाडू दाबताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत समजावायला नको. माझ्या लेखी ही ताटे म्हणजे छापाचित्रेच, कागदाऐवजी मातीवर घेतलेली. पण आपल्या कलाशाळांत छापखाना एका टोकाला आणि भट्टी दुसऱ्या टोकाला. एकीकडच्या मुलाला दुसरीकडे हात घालायचा तर अर्ज करावा लागतो.

त्या वर्षांतली पिकासोची चर्चा होते ती देलाक्र्वा आणि वेलास्केथ यांच्या चित्रांवरून त्याने रंगवलेल्या कॅनव्हासमालिकांची. मला त्या पुष्कळदा घाईच्या वाटतात. हातातले तंत्र अडवत नसले की तो सैल सुटतो. क्रानाखवरचे ते लिनोकट आणि मादुराची कोरीव ताटे मी त्या कॅनव्हासांपेक्षा वरची मानतो.