घरची शाळा

दिल्लीचा हिवाळा हा परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला मिळालेला एक बिनलेखी भत्ताच होय. रामकृष्णपुरमच्या आमच्या वसाहतीत डिसेंबरातल्या रविवारी दहाच्या सुमारास धुके विरू लागते. मग घरोघरच्या खुर्च्या हिरवळीवर येतात, खुर्च्यांमागून भाजलेल्या शेंगा आणि गजक येतात, आणि त्यांच्यामागून सल्ले येतात. उन्हाकडे पाठ करून बसलेल्या पाच-सहा मराठी कुटुंबांचा आमचा एक कोपरा ठरलेला आहे. बदल्या, क्वार्टर आणि महागाई भत्ता हे तीन विषय आटोपले की बोलणे हमखास चौथ्यावर येते : मुलांना घरी मराठी कसे शिकवावे?

परस्थ वाचकांना हा प्रश्न नवा नाही. आमची मुले केंद्रीय विद्यालयांत शिकतात. बदलीच्या नोकरदारांच्या मुलांची परवड होऊ नये म्हणून १९६३ पासून सुरू झालेली ही सोय नसती, तर आमच्यासारख्यांनी काय केले असते कोण जाणे! तेथे हिंदी आहे, इंग्रजी आहे, पुढे संस्कृतही आहे. मराठी मात्र घरची जबाबदारी. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी झटावे, असे संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने लिहून ठेवले आहे खरे. परंतु एका सेक्टरात विखुरलेल्या पाच-सहा घरांनी तो अनुच्छेद कोणाला वाचून दाखवायचा? तेव्हा घरालाच शाळा करणे आले.

त्यात आमची एक फसगत होते. आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहते. आपली लिपी आपणच शिकवली पाहिजे हे त्या गृहस्थांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दर शनिवारी ते मुलाला पाटी देऊन बसवतात. आम्ही मात्र निर्धास्त होतो. लिपी तीच, अर्धेअधिक शब्द तेच, मग मुलगी मराठी आपोआप शिकेल! तिसरीत गेलेली आमची कन्या मराठी पुस्तक धडाधडा वाचीही. परंतु वाची ती हिंदीच्या जिभेने. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला ‘ज’ वेगळा. चार माणसांतला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. हे कागदावर कोठेच लिहिलेले नसते. ते कानानेच शिकावे लागते, आणि कान तर दिवसभर दुसरीकडे. ‘कमळ’ तिच्या तोंडी ‘कमल’ होई. हिंदीत नपुंसकलिंगच नसल्यामुळे झाड ‘मोठा’ होई आणि घर ‘चांगला’ होई.

आमचे डोळे उघडले ते एका फोनने. वाईला आमच्या मातोश्री असतात. त्यांनी नातीला शाळेविषयी विचारले. “आजी, आम्हाला शाळेत खूप चांगली शिक्षा मिळते,” कन्येने अभिमानाने सांगितले. क्षणभर पलीकडून काही ऐकू येईना. मग मातोश्रींनी आम्हाला फोनवर बोलावून घेतले. “अरे, पोरीला मारतात का रे तिथे?” त्यांनी विचारले. त्यांची समजूत घालताना आम्हाला हसू आले. परंतु रात्री त्या हसण्याचे काही वाटेना. आजी आणि नात एकमेकींशी बोलत होत्या, आणि दोघींमध्ये दुभाषी म्हणून आम्हाला उभे राहावे लागले होते.

पुढच्याच रविवारी आम्ही हा प्रश्न कोपऱ्यात मांडला. सल्ल्यांना तोटा नव्हता. लेखापरीक्षेच्या कामात केस पिकवलेल्या एका गृहस्थांनी रोज एक पान शुद्धलेखन, वर तारीख आणि खाली पालकाची सही, असा उपाय सुचवला. दुसऱ्या एका घरी मराठी मालिका लावून देत असत; त्यावर त्याच घरच्या गृहिणी म्हणाल्या, “त्याने एवढेच झाले, की आमची सात वर्षांची मुलगी सासूसारखी बोलायला लागली.” तिसऱ्यांनी प्रत्येक नव्या शब्दाला एक चिक्की ठेवली होती. महिन्याभरात त्यांच्या चिरंजीवांनी चिक्की हाती पडल्यावाचून पाणीसुद्धा मराठीतून मागायचे नाकारले. अखेरीस एका कडक शिस्तीच्या गृहस्थांनी निकाल दिला, “मूल हिंदीत बोलले, की ऐकूच आले नाही असे दाखवावे. गरज पडली की मराठी येते.”

तेरा वर्षे टेबलामागे काढलेल्या माणसाला हा शेवटचा सल्ला पटावा, यात नवल नाही. नमुन्याप्रमाणे नसलेला अर्ज त्रुटी दाखवून परत करणे हे आमचे रोजचेच काम! आम्ही ती पद्धत घरी लागू केली. कन्या शाळेतून आलेली काही गंमत सांगू लागली, की आम्ही बोट वर करावे. “मोठा नव्हे, मोठे.” “बीच में नव्हे, मध्येच.” वाक्य दुरुस्त होऊन पुन्हा सादर झाल्याशिवाय आम्ही पुढे ऐकत नसू. “अहो, तिला आधी बोलू तर द्या,” असे सौभाग्यवतींनी दोन-तीनदा सुचवले. आम्ही त्यांच्याकडेही काणाडोळा केला. दोन महिन्यांत घरात हिंदी ऐकू येईनाशी झाली. आमच्या सल्लागारांना आम्ही तसे मोठ्या समाधानाने कळवलेही.

हिंदी ऐकू येत नव्हती, कारण कन्याच ऐकू येत नव्हती. हे आमच्या ध्यानी आले ते शेजारच्या पंजाबी मावशींमुळे. एके संध्याकाळी जिन्यात त्यांनी आम्हाला थांबवले आणि मुलीची तब्येत आता कशी आहे असे विचारले. आम्ही बुचकळ्यात पडलो. तेव्हा कळले, की कन्येच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वडिलांची गुवाहाटीला बदली झाली होती. मैत्रीण आठवड्यापूर्वीच निघून गेली होती. आणि आमची मुलगी रोज दुपारी त्या मावशींच्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. आठ दिवस! आम्ही त्याच जिन्याने वर जात होतो, तिची शुद्धलेखनाची वही तपासत होतो आणि खाली सही करत होतो.

रात्री आम्ही तिला जवळ घेऊन विचारले, “आम्हाला का नाही सांगितलेस?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, मी मराठीत सांगते ना, तर तुम्ही बीच में थांबवता.”

त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काय होते ते आम्हाला दिसले. आम्ही बोट वर केले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सांगायचे नाही असे ठरवूनही सर्व सांगून टाकले. सल्लागार मंडळी जरा गप्प झाली. कोपऱ्यात लोकर विणत बसलेल्या एक काकू सहसा बोलत नसत. त्यांच्या यजमानांना निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. त्या सुया थांबवून म्हणाल्या, “आम्हीही हेच केले होते. आमचा मुलगा शुद्ध मराठी बोलतो. महिन्यातून एकदा फोन करतो, दोन मिनिटे शुद्ध बोलतो आणि ठेवून देतो.” थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितले, “तिला काय सांगायचे ते कशातही सांगू द्या. उत्तर मात्र तुम्ही मराठीत द्या. आणि शिकवू नका, काम सांगा.”

त्या दिवसापासून सल्ल्याविषयी आमचे एक मत बनले आहे. ज्याच्या सल्ल्यात केवळ यश असते तो ऐकून घ्यावा. ज्याच्या सल्ल्याला त्याच्या चुकीची जोड असते तो घरी न्यावा. अमेरिकेत जॉन होल्ट नावाच्या एका शिक्षकाने १९७७ साली मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढले होते. त्यात पंडितांच्या लेखांपेक्षा पालकांच्या पत्रांचाच भरणा अधिक असे. आमच्या मुली-मुलांना शाळा आहे, घरी आहे ती एका भाषेपुरती. तरी त्या पत्रांची जागा आमच्याकडे शेंगांच्या टरफलांनी भरलेल्या या कोपऱ्याने घेतली आहे, असे आम्हाला वाटते.

काकूंचा सल्ला दिसायला सोपा, पाळायला अवघड. मुलगी हिंदीत बोलत असता मध्ये न बोलणे, हे वरिष्ठांच्या चुकीच्या मसुद्यावर न बोलण्याहूनही कठीण आहे. आम्ही ते हळूहळू शिकलो. ती म्हणे, “बाबा, आज पेड़ गिर गया.” आम्ही म्हणू, “झाड पडलं? कोणतं? ते मोठं?” एवढ्यात ‘मोठं’ तिच्या कानावर पडून जाई, आणि तिचे सांगणे अडत नसे. स्वयंपाकघरात सौभाग्यवतींनी तिला हाताशी घेतले. परात, उलथणे, किसणी, सांडशी हे शब्द कोणत्याही शुद्धलेखनाच्या पानावर नव्हते. थालीपीठ थापताना ते चार दिवसांत आले. रात्री दहा मिनिटे आम्ही गोष्ट वाचून दाखवतो. तीत ती चुका काढते, आम्ही काढत नाही. मे महिन्यात निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने पुणे आणि तेथून वाई, असा बेत दर वर्षी ठरलेला. एका महिन्यात आजी जे शिकवते, ते आम्हाला अकरा महिने पुरते. या वर्षी परत येताना गाडीत तिने आम्हाला दर्या आणि दऱ्या यांतला फरक सांगितला. तो तिला आजीने घाटात दाखवला होता.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या कोपऱ्यात पेढे वाटले गेले. पेढा खाता खाता कन्येने विचारले, “म्हणजे मराठी आता कितवीत गेली?” मंडळी हसली. आम्हाला मात्र वाटले, की प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पुढच्या वर्गात गेलेल्या भाषेला घरी कोणीतरी अभ्यास विचारायला हवाच.

एक गोष्ट मात्र आम्ही कधीच शिकवू शकलो नाही. हिंदीत ‘हम’ म्हटले, की सगळे आले. मराठीत दोन दारे आहेत : ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. कन्या सर्रास ‘आम्ही’च म्हणे. आमचा हात धरून म्हणे, “बाबा, आम्ही बाजारात कधी जाणार?” आम्ही उदाहरणे दिली, तक्ता केला, काही उपयोग झाला नाही. पुढे तो नाद आम्ही सोडून दिला.

गेल्या रविवारी नागपूरहून नवे आलेले एक गृहस्थ आमच्या कोपऱ्यात बसले होते. त्यांचा मुलगा पहिलीत आहे. त्यांनी खिशातून कागद काढून आम्हाला विचारले, “सुरुवात कशी करावी? कोणते पुस्तक घ्यावे?” आम्ही त्यांना प्रथम जिन्यातली ती संध्याकाळ सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा विचारले, “ते ठीक, पण पुस्तक?” आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्हीही त्या वेळी पुस्तकच मागितले असते.

इतक्यात ऊन सरकले आणि कन्या खेळ टाकून आमच्या खुर्चीपाशी आली. “बाबा,” ती म्हणाली, “ठंड लागते. चला, आपण घरी जाऊ या.”

थंडीचा शब्द चुकला होता. आम्ही खुर्ची उचलली आणि तिच्याबरोबर निघालो.