पुतणीसाठी कॉलेज शोधताना

2023 मध्ये अंतरवाली सराटीत आणि जून 2024 मध्ये आमच्या वडीगोद्रीत उपोषणं झाली, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. पुतणीला बातमीचं वेड लागलं ते तेव्हापासून. बारावीनंतर तिनं पत्रकारितेचं नाव काढलं, तर घरात सगळे गप्प. दादीच म्हणाली, "आपल्याबद्दल दुसरेच बोलतात. आपली पोरगी बोलली तर काय बिघडलं?"

मग आम्ही कॉलेजं पाहू लागलो. एका खासगी संस्थेचा स्टुडिओ चकाचक होता. पण पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते कुणी सांगेना. तिथून उठलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे का, हे आधी पाहायचं, असं ठरवलं. हैदराबादला 1998 साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात उर्दूतून पत्रकारिता शिकवतात. मन तिकडेही ओढलं. पण पुतणी म्हणाली, "चाचा, आपल्या गावाची बातमी मराठीतच वाचतात ना?" शेवटी संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न कॉलेज घेतलं. उर्दू घरी चालूच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी पदविका घेऊन थांबता येतं. नातेवाईक म्हणाले, "दोनच वर्षं शिकवा, मग निकाह." आम्ही म्हणालो, ती सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, आधीच ठरवून शिक्षण तोडण्यासाठी नाही.

मुलीला कॉलेजात पाठवताना हॉस्टेल आणि फी जरूर विचारा. पण तिथं तिला बातमीची खातरजमा करायला शिकवतात का, हेही विचारा. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय पुढे सांगू नये, ही तर आपल्या दीनचीच शिकवण.