संकोच

मराठीतला ‘संकोच’ हा शब्द दोन कामे करतो. एक अर्थ आकसणे, आवळणे; दुसरा अर्थ लाजणे, सांगायचे असून सांगू न शकणे. आमच्या सोलापूरच्या घरात बाबा मराठी बोलतात आणि आई कन्नड. आईच्या कन्नडात या दुसऱ्या अर्थाला ‘नाचिके’ म्हणतात. ज्या अवयवाविषयी मी लिहिणार आहे त्याच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले आहेत. गुदद्वाराभोवती कंकणासारखा आवळलेला स्नायू असतो. त्याचे आतले वलय आपोआप काम करते, बाहेरचे आपल्या इच्छेने. वैद्यकाच्या मराठीत त्याला परिसंकोची स्नायू म्हणतात. तो दिवसरात्र पहारा करतो म्हणून आपण वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत निर्धास्त बसतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे नसते उद्योग कोणी सांगितले, असे वाचकांपैकी कुणी विचारील. विचारावेच. उत्तर कुक्षीला आहे.

कुक्षी हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, निमाडात, नर्मदेच्या पलीकडे. एकेकाळी तो धारच्या पवारांच्या संस्थानातला परगणा होता. पवारांच्या मागोमाग जी मराठी घराणी त्या मुलखात गेली आणि तिकडचीच झाली, तशा एका घरात माझी आत्या दिलेली आहे. आतोबांची कापसाची आडत. ‘कुक्षी’ या शब्दाचा अर्थ पोट. आपली ‘कूस’ त्यातूनच आली. पोटाच्या नावाच्या गावात राहून आतोबांनी पोटातली गोष्ट आठ महिने पोटातच ठेवली.

त्यांना शौचावाटे रक्त पडत होते. त्यांचा गुडघा दुखतो हे साऱ्या मंडीला ठाऊक होते. ही गोष्ट मात्र आत्यालाही ठाऊक नव्हती. एका डॉक्टरांनी तपासल्याशिवायच मूळव्याधीचे मलम लिहून दिले आणि तपासले नाही याचे आतोबांना बरेच वाटले. दोघांचा संकोच एकमेकांच्या सोयीचा ठरला. अखेर कपडे धुताना आत्याच्या लक्षात आले आणि तिने त्यांना इंदूरला नेले. तिथे हातमोजा घालून बोटाने तपासायला एक मिनिटही लागले नाही. गाठ बोटाला लागली. दुर्बिणीच्या तपासणीत ती गुदद्वारापासून सहा सेंटिमीटरवर निघाली. मलाशयाचा कर्करोग.

उपचार मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात करायचे ठरले. बाबांना इतकी रजा मिळेना, तेव्हा सोबतीला माझी रवानगी झाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली. डॉक्टरांसमोर बसल्यावर आतोबा “मी वाचेन ना?” असे विचारतील, असे मला वाटले होते. त्यांनी विचारले, “पिशवी लागेल का?”

या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स या शल्यविशारदाने मलाशय, गुदद्वार आणि तो स्नायू असे सगळेच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. जीव वाचे, पण आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागे आणि पिशवी जन्माची सोबतीण होई. पुढे गाठ वरच्या भागात असली तर मधला तुकडा काढून दोन टोके जोडू लागले. पण गाठीच्या खालचा पाच सेंटिमीटर निरोगी भागही काढलाच पाहिजे, असा दंडक होता. सारे मलाशय मिळून पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. गाठ जरा खाली सरकली की स्नायूवर पाणी सोडावे लागे.

आमच्या वर्गात मार्जिन म्हणजे नफ्याचे मार्जिन. शल्यविशारदांच्या भाषेत गाठीच्या कडेने सोडलेल्या निरोगी जागेला मार्जिन म्हणतात, आणि त्यांचे सारे भांडण त्या जागेशी. काढलेल्या मलाशयांची बारीक तपासणी केल्यावर दिसून आले की हा रोग भिंतीतून खाली फारसा सरकत नाही; तो बाजूच्या चरबीत आणि वर पसरतो. म्हणजे धोका खालच्या कडेपेक्षा बाजूच्या कडेला अधिक. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावच्या बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन न फाडता अखंड काढण्याची रीत १९८२ साली प्रसिद्ध केली. त्या रीतीने रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. पाच सेंटिमीटरचे दोन झाले, अगदी खालच्या गाठींना एकही पुरतो असे ठरले. १९७० नंतर गोलाकार टाके घालणारे यंत्र प्रचारात आले आणि हात पोचत नाही अशा खोल जागी सांधा जोडता येऊ लागला. आधी किरणोपचार देऊन गाठ आकसवता येऊ लागली. काही थोड्या रुग्णांत ती या उपचारांनीच पूर्ण विरते आणि कडक देखरेखीखाली शस्त्रक्रिया लांबणीवरही टाकता येते. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली अशा रुग्णांचा अनुभव मांडला.

डॉक्टरांनी आतोबांना वचन दिले नाही. आधी रोग, मग स्नायू, एवढेच सांगितले. गाठ स्नायूतच शिरली असेल तर तो राखण्याचा हट्ट धरणे म्हणजे चोराला घरात ठेवून दार शाबूत राखणे.

त्या दिवसांत धर्मशाळेत विजयपूर जिल्ह्यातला एक शेतकरी तपासणीसाठी आला होता. त्याला चार वर्षांपासून कायमची पिशवी. त्याला मराठी येत नव्हते, आतोबांना कन्नड नाही. दुभाषी मी. आतोबा म्हणाले, “विचार त्याला, चार माणसांत बसता येते का?” मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, “मोदलु नाचिके, आमेले अभ्यास.” आधी लाज, मग अभ्यास. कन्नडात अभ्यास म्हणजे सवय. मी आतोबांना ‘सवय’ असेच सांगितले. तो ट्रॅक्टर चालवतो, लग्नकार्यांना जातो, हेही सांगितले. त्या रात्री आतोबा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. पिशवी म्हणजे हार नव्हे, हे सांगायला इतकी पुस्तके वाचलेला मी उपयोगी पडलो नाही. दोन एकर कोरडवाहूवाला माणूस उपयोगी पडला.

पाच आठवडे किरणोपचार आणि गोळ्या, मग काही आठवड्यांची विश्रांती, मग शस्त्रक्रिया. आतोबांचा स्नायू राखता आला. नव्या सांध्याला आराम म्हणून लहान आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढले होते, ते तीन महिन्यांनी बंद केले. घरात पेढे वाटले गेले. खरा अभ्यास, मराठी अर्थाचा, त्यानंतर सुरू झाला.

मलाशय ही साठवणीची कोठी. दार राहिले, पण कोठी गेली. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागे, कधी एका तासात तीनदा. आणि घाई अशी की सौदा अर्धा टाकून गादीवरून उठावे लागे. स्नायू राखलेल्या पुष्कळ रुग्णांना हा त्रास होतो. व्यायाम, आहारातले बदल आणि औषधे यांनी तो वर्ष-दोन वर्षांत बराच कमी होतो; सर्वांचा पूर्ण जातोच असे नाही. नफा मांडताना हा खर्च वगळला तर ताळेबंद खोटा ठरेल. काहींना याहून कायमची पिशवी सुखाची वाटते, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही.

आतोबांनी मात्र एक केले. पहिल्याच आठवड्यात मंडीत सर्वांना कारण सांगून टाकले. चार दिवस कुजबुज झाली, मग कुणी लक्ष देईना. महिन्याभराने एका हमालाने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारले, “सेठ, तुमचं सुरू झालं तेव्हा काय होत होतं?” दुसऱ्या दिवशी आतोबांनी त्याला स्वतः इंदूरच्या बसमध्ये बसवून दिले.

संकोच सुटू शकतो, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १९९९ पासून एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या हजारोजणी लाज बाजूला ठेवून तपासणीला आल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू कमी होतात, हे २००९ साली जगाला त्यांच्यामुळे कळले. आपल्या मावश्या-काकूंना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

शौचावाटे रक्त पडणे बहुतेक वेळा मूळव्याधच असते. पण ते तपासून ठरवायचे असते, अंदाजाने नव्हे. सवय अकारण बदलली, पोट साफ झाल्यासारखे वाटेना, वजन उतरू लागले, तर वय पाहू नये. आपल्याकडे चाळिशीच्या आतलेही रुग्ण असतात. प्रत्येकाचा स्नायू वेळेवर गेल्याने वाचेलच असे नाही, ते गाठ कुठे आहे यावरही अवलंबून असते. पण जे राखता येण्यासारखे असते ते उशिराने हातचे जाते. शरीराचा संकोच राखायचा असेल तर मनाचा संकोच आधी सोडला पाहिजे. हा अंक घरी न्याल तेव्हा हे पान वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. तोंडाने सांगायला लाज वाटत असेल, तर नुसते उघडून ठेवा.