आजीचा एक्सरे आणि आजीचं दुखणं

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. भिलाईच्या स्मृति नगरमधल्या आमच्या घरात देवघर वरच्या मजल्यावर होतं. एक दिवस आजी आईला म्हणाली, ‘‘उद्यापासून देवाला दिवा तू लाव. मला जिना चढवत नाही.’’

एकही दिवस दिवा न चुकवणारी आजी असं म्हणते, तेव्हा आम्ही घाबरायला हवं होतं. पण आमच्याकडे तिचा एक्सरे होता ना! तो बघून डॉक्टर म्हणाले होते, ‘‘वयाच्या मानाने झीज फार नाही.’’ ते वाक्य आम्ही धरून बसलो. मीही एकदा हसत बोलून गेले, ‘‘आजी, रिपोर्टमध्ये तर काही नाहीये.’’

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग नागपुरी सुरात म्हणाली, ‘‘मी का नाटक करून राहिली का पोरी?’’

त्यानंतर तिने ‘दुखतं’ म्हणणंच सोडलं. गुरुवारचं भजनही सुटलं.

मी कंटेंट रायटर. बीए इंग्लिश, विज्ञान दहावीतच संपलेलं. योगायोगाने त्याच महिन्यात गुडघ्याच्या संधिवातावर लेख लिहायचं काम आलं. वाचायला बसले आणि माझीच मला लाज वाटली.

हाडांच्या टोकांवरची जी गुळगुळीत कूर्चा झिजते, तिच्यात वेदना कळवणारे मज्जातंतूच नसतात! दुखतं ते सांध्याच्या आतलं सुजलेलं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि आजूबाजूचे भाग. एक्सरेत हाडं आणि त्यांच्यातली फट दिसते, अस्तराची सूज दिसत नाही. झीज मोजायची 0 ते 4 ही श्रेणी 1957 पासून वापरात आहे. पण श्रेणी मोठी असूनही कुणी आरामात फिरतं, तर लहान श्रेणीतलं कुणी रात्रभर तळमळतं. वेदना फार दिवस राहिली की मेंदू आणि मज्जारज्जूही जास्त संवेदनशील होऊ शकतात. म्हणूनच पीएच.डी. करणारे संशोधक गुडघा बदलताना काढलेलं अस्तर आणि हाड प्रयोगशाळेत तपासतात. वेदना नेमकी कुठून येते, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

वाचता वाचता भिगवण भेटलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तिथे सांध्यांच्या दुखण्याची घरोघरी पाहणी सुरू केली. सुरुवात कुठल्या यंत्राने नव्हती, साध्या प्रश्नांनी होती. दुखतं का? कुठे?

आमच्या घरात हे कुणीच विचारलं नव्हतं.

गुडघ्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘वोमॅक’ नावाची 24 प्रश्नांची यादी आहे. तिच्यातले काही प्रश्न घेऊन मी आजीजवळ बसले. ‘‘जिना उतरताना दुखतं? रात्री पलंगावर पडल्यावर?’’ आजी आधी गप्प. मग बोलायला लागली, ती तासभर. कूस बदलताना झोपमोड होते. भजनात खाली बसलं की उठता येत नाही आणि चार बायकांसमोर हात मागायची लाज वाटते. म्हणून भजन सुटलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ती सगळी उत्तरं मी कागदावर लिहून नेली. त्यांनी ती वाचली, गुडघा हाताने तपासला आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आता मांडीचे स्नायू मजबूत करायचा व्यायाम रोज चालतो. वजनाकडेही लक्ष आहे, कारण 1 किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

आजी धावायला लागली नाही. थंडीत अजूनही कुरकुरते. पण देवघर आम्ही खाली आणलं आणि दिवा पुन्हा तीच लावते. भजनाला जाते, खुर्चीवर बसते. तिला बघून आणखी दोघी खुर्चीवर बसायला लागल्या आहेत.

तुमच्याही घरात कुणी अलीकडे ‘दुखतं’ म्हणायचं थांबलं असेल, तर बरं झालंय असं समजू नका. एकदा जवळ बसून विचारा.